आमची वाटचाल: ऑर्डर नको, विक्री सांगा

वडिलांनी सांगलीत ट्रॅक्टर पार्टचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे थेट शेतकरी. आता तासगाव, विटा, पलूस, कवठेमहांकाळ, जत इथले दुकानदार आमचं गिऱ्हाईक. लुधियाना-राजकोटचा माल आम्ही उतरवून घेतो आणि पुढे पाठवतो.

2019च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले आणि गावभागातलं गोडाऊन पाण्यात गेलं. कुपवाडच्या दुसऱ्या गोडाऊनचा माल कोरडा होता, पण तिथं काय किती आहे ते फक्त दिवाणजींच्या डोक्यात. पाणी ओसरताच गाळ बसलेल्या पंपाच्या मोटारी आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला निघाले. बेअरिंग, ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) यांसाठी फोनवर फोन. सगळा स्टॉक एका कॉम्प्युटरवर घ्यायचा, हे तेव्हा पक्कं झालं.

कॉम्प्युटर आला, पण घोळ नावांतच होता. फोनवर ऑर्डर यायची, "बासष्ट झिरो पाच वीस पाठवा." म्हणजे 6205 नंबरचे वीस नग. हे बेअरिंग आत 25, बाहेर 52 आणि जाडीला 15 मिलिमीटर, एवढं ठरलेलं. पण दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण हवं की रबर सील? पाण्या-चिखलाजवळ रबर सीलचं लागतं. चुकीचं गेलं की माल परत, भाडं अंगावर आणि मिस्त्री दिवसभर खोळंबलेला. ऑइल सीलचंही तसंच: आतलं, बाहेरचं आणि जाडी ही तिन्ही मापं हवीत. म्हणून प्रत्येक पार्टला आमचा एक नंबर दिला, रॅकवर तोच, बिलावर तोच.

दुसरी गोष्ट हंगामाची. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की तासगावकडे फवारणीच्या ब्लोअरच्या पार्टची मागणी वाढते, पाठोपाठ कारखाने सुरू होऊन ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात. माल मिळणार नाही या धास्तीनं दुकानदार दुप्पट मागायचे, ते आकडे बघून आम्ही आणखी मागवायचो आणि उन्हाळ्यात निम्मं रॅकवर पडून राहायचं. तेव्हापासून आम्ही दुकानदाराला ऑर्डर विचारत नाही, विक्री विचारतो.

त्यासाठी सॉफ्टवेअर त्यांच्या गळ्यात मारलं नाही. चालत्या पार्टच्या दोन पिशव्या दिल्या, दुसरीला चिठ्ठी बांधलेली. पहिली संपून दुसरी उघडली की चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, बस्स. जतचे अण्णा आधी म्हणाले, "तुम्ही माझ्या गल्ल्यात डोकावताय." रास्त शंका होती. मग एका दुकानाचा आकडा दुसऱ्याला दाखवायचा नाही, असं ठरवून टाकलं.

गोडाऊनमध्ये हिशेब साधाच ठेवला. एखादा पार्ट रोज 3 जात असेल आणि माल यायला 10 दिवस लागत असतील, तर 30 त्या दिवसांचे, वर 15 गाडी अडकली तर म्हणून. शिल्लक 45 वर आली की ऑर्डर. महागड्या हायड्रॉलिक पंपाला मात्र हे लावत नाही; तो प्रत्येक दुकानात ठेवणं म्हणजे पैसा कोंडणं. तो कुपवाडलाच असतो, मागितला की निघतो.

विट्यात पडून राहिलेली क्लच प्लेट पलूसला चालते, हेही आता दिसतं. आम्ही ती उचलतो आणि विट्याच्या खात्यावर जमा देतो. डेड स्टॉकवर याहून चांगला उपाय मला तरी सापडलेला नाही.

जतचं गणित बदलतंय. म्हैसाळ योजनेचं पाणी पोहोचलं तिथं पिकं बदलली, अवजारं बदलली. जुन्या विक्रीवरून काढलेले आकडे तिथं तोकडे पडतात. अण्णांच्या दुकानाची यादी म्हणून यंदा नव्यानं करायला घेतली आहे.