काळपुळीने मेलेले जनावर उघडू नका

संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चरलेली गाय सकाळी गोठ्यात मरून पडलेली असेल, तिचे पोट झपाट्याने फुगले असेल आणि नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर काळपुळीचा म्हणजेच अँथ्रॅक्सचा संशय धरावा आणि त्या जनावराला सुरी लावू नये, एवढे एक पशुवैद्यक म्हणून मी प्रत्येक पशुपालकाला कळकळीने सांगत असतो. घरचे जनावर गेल्यावर निदान कातड्याचे तरी पैसे हाती यावेत, असे वाटणे मी समजू शकतो. पण इथे तो मोह जिवावर बेतू शकतो. जिवंत शरीरात या रोगाचे जंतू बीजाणू, म्हणजे टणक कवचातली आपली सुप्त रूपे, तयार करत नाहीत. शव फाडले आणि रक्ताला हवा लागली की बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक दशके तग धरतात. शव बंद राहिले, तर कुजण्याच्या क्रियेत आतले बहुतेक जंतू मरून जातात.

म्हणूनच निदानासाठी शवविच्छेदन न करता हातमोजे घालून कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतात. काचपट्टीवर ते मेथिलीन ब्लूने रंगवले की सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी टोकांचे निळे दंडाणू आणि त्यांच्याभोवतीचे गुलाबी कवच दिसते.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी बहुधा लक्षणे ध्यानात येण्यापूर्वीच दगावतात. घोडा मात्र अनेकदा दोन-चार दिवस झुंजतो. त्याला जोराचा ताप येतो, पोटात असह्य कळा येतात, कधी रक्ताचे जुलाब होतात आणि गळा, छाती व पोटाखालचा भाग सुजतो. पोटशूळ समजून उपचार करण्यातच वेळ जातो. वास्तविक पेनिसिलीन लवकर मिळाले, तर घोडा वाचण्याची शक्यता असते.

२०१६ च्या उन्हाळ्यात रशियाच्या यमल द्वीपकल्पात या रोगाने दोन हजारांहून अधिक रेनडियर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगाही दगावला. तिथे अनेक दशके रोग दिसला नव्हता, म्हणून २००७ मध्ये लसीकरण थांबवण्यात आले होते. आपल्याकडेही ज्या गावात पूर्वी काळपुळी येऊन गेली आहे, तिथे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लस टोचून घ्यायलाच हवी. ही लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळे त्याच सुमारास प्रतिजैविके देऊ नयेत.

शव जाळणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल, तर पाण्यापासून दूर खोल पुरावे. खड्ड्यात चुना टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, परंतु कॅल्शियममुळे बीजाणू टिकण्यास मदत होत असल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात तो टाळण्यास सांगितले आहे. अशा जनावराला कोणी हात लावला असेल आणि काही दिवसांत त्याच्या हातावर न दुखणारी, मध्यभागी काळी खपली धरणारी पुळी आली, तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि जनावराची हकीकत न लपवता सांगावी.