एका ठरावाच्या प्रतीसाठी चार महिने

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत झालेल्या एका ठरावाची प्रमाणित प्रत मिळवायला मला चार महिने लागले. त्यातले तीन महिने एकाच वाक्याने खाल्ले आणि ते वाक्य मला अजून पाठ आहे : "इतिवृत्त कायम झालेले नाही." (इतिवृत्त म्हणजे सभेच्या कामकाजाची लेखी नोंद.)

जळगाव जिल्ह्यातील आमच्या गावात, कॉलनीच्या मंजूर रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडलेली आहे. तिथे दोन कडुनिंब, एक बंद पडलेला हातपंप आणि मुलांच्या क्रिकेटने टक्कल पडलेली जमीन एवढेच काय ते आहे. जानेवारी २०१९च्या अखेरीस झालेल्या सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर बसलो होतो, ते खरे तर पाणीपुरवठ्याच्या विषयासाठी. विषयपत्रिका संपल्यावर 'ऐनवेळचे विषय' निघाले आणि त्यांत आमच्या खुल्या जागेवर व्यायामशाळा बांधण्याचा विषय अचानक पुढे आला. आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेने रहिवाशांना विचारल्याशिवाय हे करू नये असे सांगितले. एका जुन्या सदस्याने विषयपत्रिकेवर नसलेल्या खर्चाच्या विषयावर ठराव कसा घेता, असा रोकडा प्रश्न केला. अध्यक्षांनी रहिवाशांचे म्हणणे घेऊन पुढच्या सभेत विषय ठेवा असे म्हटल्याचे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आणि वहीत वेळेसकट लिहून ठेवले. (सभेला जाताना वही न्यावीच, पुढे तिचाच आधार होतो.)

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्या जागेवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या दिसल्या. म्हणजे कागदोपत्री ठराव झालेला असणार, म्हणून मी त्याची प्रत मागायला कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी टेबलावरच्या लिपिकाने "भाऊ, सायेब नही शेतस आज, सकाय या" म्हणून परत पाठवले. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण इतिवृत्त 'कायम' नव्हते. मागील सभेचे इतिवृत्त पुढील सभेत वाचून कायम करण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. मात्र ते कायम होईपर्यंत प्रत देता येत नाही असे मला सांगण्यात आले, आणि त्याच कायम न झालेल्या ठरावाच्या जोरावर जागेवर फक्की मात्र पडली होती. काम सुरू करण्यापुरता ठराव पक्का आणि नागरिकाला दाखवण्यापुरता कच्चा, हा न्याय मला आजवर कोणी समजावून सांगितलेला नाही.

१० मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आमच्याकडे मतदान २३ एप्रिलला होते, आणि पुढची सभा आता आचारसंहिता उठल्यावरच, असे उत्तर मिळू लागले. मी दर आठवड्याला जात होतो. एप्रिलच्या उन्हात दुपारी दोनला कार्यालयाच्या जिन्यावर बसून राहिले की माणूस कोणत्याही ठरावाला संमती देईल. लिपिकाच्या मागच्या लोखंडी कपाटात, लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यावर सुटे कागद ठेवलेले मला दिसत असत, आणि मला हवे असलेले इतिवृत्त त्यांतच आहे हे त्यानेच एकदा मान्य केले होते. तोंडी विनंतीत मी जवळजवळ दीड महिना घालवला, ही माझी चूक. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्यायला हवी होती.

२ एप्रिलला माहितीच्या अधिकाराखाली 'जोडपत्र अ' नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो, म्हणून मी ठरावाची कारणे विचारत बसलो नाही. "सदर सभेचे इतिवृत्त, कायम झालेले असो वा नसो, ज्या स्थितीत उपलब्ध असेल त्या स्थितीत" एवढेच मागितले. या शब्दांचा मला आजही अभिमान वाटतो, कारण त्यांनी ती पळवाट बंद केली. तरीही ३० दिवस उलटून उत्तर आले नाही. ६ मे रोजी २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील केले.

मधल्या काळात एका सेवानिवृत्त तलाठी काकांनी सांगितलेली गोष्ट मला आधी माहीत असती, तर निम्मे हेलपाटे वाचले असते : राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरील व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. मी सोमवारी निर्णयाची छापील प्रत घेऊन गेलो, तेव्हा गठ्ठा पहिल्यांदा खाली उतरला.

त्या सुट्या कागदावर लिहिले होते : "सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर." सूचक होते, अनुमोदक होते, दोघांच्या विरोधाचा मात्र उल्लेखही नव्हता. प्रत मागताना म्हणूनच उपस्थितीपत्रक, विषयपत्रिका आणि सूचक-अनुमोदकांची नावे एकाच अर्जात मागावीत. नुसता ठराव हाती घेऊन काहीही सिद्ध होत नाही.

अपिलाची सुनावणी जूनच्या पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत आटोपली आणि प्रती देण्याचा आदेश झाला. नऊ पाने होती. पानाला २ रुपयांप्रमाणे १८ रुपये भरा असे सांगितल्यावर मी कलम ७(६) दाखवले : मुदतीत माहिती दिली नाही, तर ती विनामूल्य द्यावी लागते. अठरा रुपयांसाठी मी एवढा अडून बसेन असे मला स्वतःलाही वाटले नव्हते. पण त्या दिवशी मी एक रुपयाही दिला नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एस.टी.ने जळगावला जाऊन, नगरपरिषद अधिनियम १९६५च्या कलम ३०८ अन्वये ठराव तहकूब करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. सोबत वहीच्या त्या पानाची प्रत आणि नगरसेविकेचे लेखी निवेदन जोडले. अर्जाचे तीन संच न्यावेत. मी दोनच नेले होते आणि आवक शिक्क्याची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटे उरली असताना समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातली वीज गेली होती. दुकानदाराने शेजारच्या गल्लीत पाठवले, मी धावत जाऊन परत आलो, आणि शिक्का मिळाला.