तो बाज, ती बाज

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा निरोप आला आणि मला आधी आठवली ती ग्वाल्हेरच्या आमच्या शाळेची मागची भिंत. आम्ही आठवीत होतो. भिंतीला गिलावा चालू होता. इंग्रजीच्या तासाला धड्यात ‘हॉक’ शब्द आला. मी उभा राहून ‘ससाणा’ म्हणालो आणि बसणार, तोच सरांनी अख्खा वर्ग उठवून बाहेर नेला.

गवंड्याच्या डाव्या हातात चौकोनी फळी होती, मधोमध खालून मूठ. फळीवर कालवलेला माल. थापीने तो थोडा थोडा उचलून भिंतीवर मारत होता, पण फळी तसूभरही कलत नव्हती. सर म्हणाले, “इंग्रज गवंडी या फळीला हॉक म्हणतो.” मग तिथेच उन्हात उभ्या उभ्या बाकीचे सांगितले. दारोदार ओरडून माल विकणे म्हणजेही हॉक, घसा खाकरणे म्हणजेही हॉक. फेरीवाल्याच्या हॉकचा पक्ष्याशी काही संबंध नाही, तो उत्तर जर्मनीकडच्या जुन्या बोलीतून आला. खाकरण्याचा हॉक आपल्या खाकरण्यासारखाच, घशातल्या आवाजावरून झालेला. १८१२ मध्ये इंग्लंडशी लढाई मागणाऱ्या अमेरिकी पुढाऱ्यांना ‘वॉर हॉक्स’ म्हणत, हेही त्यांनी सांगितले. आमच्या इतिहासातले जहाल-मवाळ लगेच डोळ्यांसमोर आले.

“ससाण्याला बाजही म्हणतात. आता घरी जा आणि ‘बाज’चे अर्थ आणा. कोश उघडायचा नाही. माणसांना विचारायचे.”

आजीला विचारले तर ती म्हणाली, “बाज ती, तो कसला?” आणि माळ्यावरची सुंभाची बाज दाखवली. सैल पडलेली वीण बोटाने ताणत तिने सांगितले, की माझ्या बहिणीच्या वेळी आई याच बाजेवर होती आणि खाली ओवा-शेपाची धुरी असायची. गल्लीतले एक काका सतार वाजवायचे. त्यांनी पहिली तार छेडली आणि म्हणाले, “ही बाजाची तार.” मग ग्वाल्हेर गायकीचा बाज म्हणजे काय, हे गाऊनच दाखवले. जेवायची वेळ टळून गेली तरी मी तिथेच. परतताना शेजारच्या चाचींच्या तुळशीला माझा चेंडू लागला आणि आणखी एक अर्थ फुकटात मिळाला: “तू बाज नहीं आएगा!”

दुसऱ्या दिवशी फळा भरला. दगाबाज, पतंगबाज, फटकेबाज. कोणी ‘गोलंदाज’ म्हणाला, तर सरांनी खडू थांबवला. त्यात बाज नाहीच, ‘अंदाज’ आहे, म्हणजे फेकणारा. पतंगबाजातला फारसी ‘बाज’ म्हणजे खेळणारा आणि चाचींचा ‘बाज’ म्हणजे मागे, परत. पक्षी पाळणारे शिकारी मादीला बाज म्हणत आणि नराला जुर्रा, हे ऐकून तर मुली बाकावर ताठ बसल्या. बहिरी ससाणा कानाने बहिरा नसतो, ते ‘बहरी’, म्हणजे समुद्राकडचा, हेही त्याच दिवशी कळले.

पण मी हे सगळे लिहितोय ते एका वाक्यासाठी. सुट्टीत पुण्याहून भावंडे आली की आमच्या मराठीला हसायची. ‘हिंदीत बुडवलेली’ म्हणायची. मला ते फार लागायचे, म्हणून चाचींचा बाज मी वहीत लिहिला नव्हता. सरांनी वही पाहिली आणि विचारले, “घरी एवढेच ऐकू येतात?” मी खाली मान घालून खरे सांगितले. ते म्हणाले, “अरे, दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला म्हणून आपल्या वस्तीचे नाव लष्कर. तो शब्दही फारसीच ना? तुझ्याकडे पुण्यापेक्षा एक बाज जास्त आहे. लिही.” मी लिहिला. त्यानंतर माझ्या बोलण्याची मला कधी लाज वाटली नाही.

ती वही अजून माझ्यापाशी आहे. पानाच्या तळाशी सरांनी चार ओळी मोकळ्या सोडायला लावल्या होत्या. २००१ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणात चेंडूचा मार्ग दाखवणारे ‘हॉक-आय’ आले, पॉल हॉकिन्स यांचे. ते मी पहिल्या ओळीत लिहिले. २००८ मध्ये बीदरला हवाई दलात ‘हॉक’ प्रशिक्षण विमाने दाखल झाली, ती दुसऱ्या ओळीत. दोन ओळी शिल्लक आहेत.