सोलोमधला अपघात आणि नंतरची चौकशी : माझा अनुभव

हेलिकॉप्टर शिकताना इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात. अपघात झाल्यावर विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

मी नागपूरची. सोनेगावच्या विमानांचा आवाज ऐकत वाढले, पण हेलिकॉप्टर शिकायला दुसऱ्या राज्यात गेले. पावसाळा नुकताच सरला होता. सोलोला, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने उडताना, गवतावर उतरले आणि पुन्हा उचलताना उजवं स्किड, म्हणजे हेलिकॉप्टर ज्यावर टेकतं ती खालची दांडी, ओल्या मातीत रुतून बसलं, डावं सुटलं. आमच्या दोन आसनी हेलिकॉप्टरमध्ये शिकणारा उजवीकडे बसतो. शेजारी इन्स्ट्रक्टर नसला की डावी बाजू मुळातच हलकी होते. शेपटीच्या रोटरचा रेटाही उजवीकडेच असतो. अशात अडकलेलं स्किड बिजागरीसारखं काम करतं आणि मुख्य रोटर अख्खं यंत्र तिच्याभोवती उलटवतो. याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. ठरावीक कोनापुढे सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर कुठे कलायचं ते ठरवणारी दांडी, कितीही उलट दाबा, उपयोग नसतो. कलेक्टिव्ह, म्हणजे रोटरची उचल कमी-जास्त करणारा दांडा, खाली करायचं, एवढंच हाती असतं. मी ते केलं, पण तोवर पाती जमिनीला लागली होती.

पट्ट्यांनी मला सीटला धरून ठेवलं. इंधन आणि बॅटरी बंद करून मी वरच्या बाजूला आलेल्या दारातून बाहेर पडले. कॉलरबोन मोडलं होतं.

त्याच दिवशी मद्यपानाची तपासणी झाली. लॉगबुक, प्रशिक्षणाच्या नोंदी, देखभालीचे कागद ताब्यात घेतले गेले. चौकशी अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय अवशेष हलवता येत नाहीत, त्यामुळे हेलिकॉप्टर तसंच आडवं पडून राहिलं. हे सगळं पाहून आपण आरोपी आहोत असंच वाटायला लागतं.

नागपूरला घरी आल्यावर ती भीती वाढली. मामा हायकोर्टाच्या इथल्या खंडपीठात वकील. ते म्हणाले, "बाई, मला दाखवल्याशिवाय एक ओळ लिहू नको." आई म्हणाली, "आठवत नाही म्हणून सांग, सुटशील." दोघांचाही जीव माझ्यात अडकलेला, त्यामुळे राग कोणावर काढणार?

शेवटी मामांनीच तेव्हा लागू असलेले 2017 चे विमान अपघात चौकशीचे नियम काढून वाचले. चौकशीचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. 2012 मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण ब्युरो, म्हणजे एएआयबी, याच तत्त्वावर काम करतो. मामा चष्मा काढून म्हणाले, "हे कोर्ट नाही. सगळं सांग."

माझं कळकळीचं सांगणं इथेच आहे. जबाब स्वतःच्या शब्दांत लिहा, आणि लवकर लिहा. माझ्या संस्थेतून एक तयार मसुदा आला होता, त्यात जमिनीच्या ओलीचा उल्लेखच नव्हता. मी तो बाजूला ठेवला. हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे मी सांगत गेले, धाकट्या भावाने लिहिलं. रोटरचा आवाज, स्किड सुटतानाचा झटका, मातीचा पोत, सगळं. जे पाहिलं नव्हतं, तिथे 'पाहिलं नाही' असंच लिहिलं. मित्रांचे फोन सुरू झाले की त्यांचे तर्क आपल्या आठवणींत मिसळतात, म्हणून हे आधी उरकलेलं बरं. पुढे अधिकाऱ्यांनी तासन्तास विचारलं ते याच तपशिलांबद्दल. त्यांच्या बोलण्यात दरडावणं नव्हतं.

मेडिकलचा भाग कंटाळवाणा होता. धंतोलीतल्या हाडाच्या डॉक्टरांनी हाड जुळल्याचं लिहून दिलं, पण डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मान्यताप्राप्त वैद्यकीय परीक्षकांना खांद्याची हालचाल आणि ताकद दोन्ही तपासून हवी होती. फिजिओथेरपीच्या नोंदी, सगळे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवल्यामुळे माझी फेरी वाचली. यातला एकही कागद टाकू नका.

उडायला परतले ते दुसऱ्या संस्थेत, आधी इन्स्ट्रक्टरबरोबर. त्या सरांना मी माझा जबाब वाचायला दिला. त्यांनी उताराच्या जागेवर स्किड किंचित उचलून तिथेच थांबायचा सराव माझ्याकडून करून घेतला, आणि सोलोला सोडण्याआधी स्वतः चालत जाऊन गवताखालची जमीन बुटाने दाबून पाहिली.