पेटीतलं वरण

एप्रिलात वाशीच्या मार्केटातून हापूसची पेटी आणली. हल्ली आंबा बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो, ही मात्र जुन्या पद्धतीची, लाकडी, भाताच्या पेंढ्याने गच्च भरलेली. आंबे आठवड्यात संपले. पेटी काही टाकवेना.

मग तिच्यात वरण शिजवायला लागलो.

पेंढा स्वतः काही तापत नाही. काड्यांमध्ये अडकलेली हवा जागची हलत नाही, म्हणून उष्णतेला बाहेर पडायला वाटच सापडत नाही, इतकंच. भिजवलेली तूरडाळ पंधरा मिनिटं गॅसवर खळखळू द्यायची, घट्ट झाकण लावून पातेलं जुन्या टॉवेलात गुंडाळायचं, पेंढ्यात खोचायचं आणि वर उशी. तीन तासांनी डाळ मऊ. पातेलं मात्र जवळपास काठोकाठ हवं. तळाशी वाटीभर डाळ असली तर ती लवकर निवते. काढल्यावर कोमट लागलं तर पुन्हा एक उकळी द्यायची. राजम्याच्या बाबतीत मी हट्टी आहे. भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटं रटरटवल्याशिवाय त्याला पेटीचं दार उघडत नाही. कच्च्या राजम्यातलं विष नुसत्या उबेने मरत नाही.

आधी सूर्यचूल करून पाहिली होती. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली छतावर ७३ सौर तबकड्या बसवल्या, त्यांच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक होतो. मग आमच्या तिघांचा भात का होऊ नये? तर नेरुळच्या आमच्या बाल्कनीतून ऊन अकरालाच निघून जातं. दुहेरी काचेची पेटी, काळे डबे, झाकणाला आरसा असं सगळं लटांबर घेऊन गच्चीवर गेलो. भात झाला, चांगला झाला. पण आरशातल्या कावळ्याशी भांडायला रोज एक खरा कावळा यायला लागला, आणि जूनमध्ये सूर्यच रजेवर गेला. पेंढ्याच्या पेटीला पावसाचं सोयरसुतक नाही.

अडचण आहे ती आईची. आमच्या बिल्डिंगच्या डक्टमधून सकाळी नऊनंतर शिट्ट्यांची मैफल सुरू होते. त्यावरून आई पंचांग सांगावं तसं सांगते: "तिसऱ्या मजल्यावर आज छोले. पाच झाल्या." "वरची विसरली बघ गॅस बंद करायला." राजापूरच्या घरी चुलीच्या वैलावर डाळ आपली तासन्‌तास रटरटत असायची, तेव्हा कसली शिट्टी? पण ते ती सोयीस्कर विसरली आहे. शिट्टी नाही म्हणजे शिजतंय याला पुरावा काय, असा तिचा रास्त सवाल. आणि पेटी गप्प. तिचा एकच नियम, मध्ये उघडायची नाही.

परवा अकराच्या सुमारास आई उशी उचलून, झाकण सरकवून आत वाकली होती.

"अगं, काय करतेस?"

"काही नाही रे. झोपलंय ना, बघितलं."

असं तिने किती वेळा बघितलं कोण जाणे. एक वाजता डाळ दाताखाली कचकचली. आईने एक शब्दही न बोलता ती कुकरात ओतली, गॅस मोठा केला आणि स्टूल ओढून समोर बसली. पहिली शिट्टी झाली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. दुसरीला पाहिलंही नाही, नुसतं बोट वर केलं.