आईच्या रिमोटला जमेल अशी डीव्हीडी

मागच्या दिवाळीत माळा साफ करताना माझ्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली. १९९७ चं लग्न, तीन तासांची कॅसेट, त्यात पंगतीत बाबा हातात जिलब्यांचं ताट घेऊन प्रत्येकाला आग्रह करत फिरून राहिले आहेत. बाबांचा आवाज असलेली घरात ही एकच वस्तू उरली आहे, त्यामुळे नागपुरात बर्डीवर एका दुकानात देऊन ती कॉम्प्युटरच्या फाईलमध्ये करून घेतली. पेनड्राइव्ह हातात आला तेव्हा वाटलं झालं काम.

पण काम तिथूनच सुरू झालं. आई मानेवाड्याला राहते, तिच्याकडे जुना जाड टीव्ही आणि त्याच्याखाली डीव्हीडी प्लेअर. मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला तर बोट कुठेतरी लागतं आणि सगळं गायब होतं, मग ती फोन बाजूला ठेवते आणि दिवसभर हात लावत नाही. डीव्हीडीचा रिमोट मात्र तिला पाठ आहे. वर, खाली, ओके, आणि बंद करायचं लाल बटन. म्हणून ठरवलं की डिस्कच करायची, तीही मेनूवाली, म्हणजे डिस्क टाकली की पडद्यावर हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी अशी नावं दिसली पाहिजेत आणि तिला हवं ते लावता आलं पाहिजे. तीन तास फॉरवर्ड करत पंगत शोधायला लावायचं नव्हतं मला.

पहिली चूक सांगते, कारण ही बहुतेक सगळ्यांची होते. मी ती एमपीफोर फाईल सरळ डिस्कवर टाकली आणि राइट करून नेली. प्लेअरने डिस्क घेतली, दोन मिनिटं फिरवली आणि काहीच दाखवलं नाही. साध्या डीव्हीडी प्लेअरला एमपीफोर कळत नाही, त्याला एमपेग-२ मधला व्हिडिओ लागतो आणि तोही व्हिडिओ टीएस नावाच्या फोल्डरमध्ये, आतमध्ये आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा ठरलेल्या नावांच्या फायली करून. फाईल नुसती कॉपी केली की ती डेटा डिस्क होते, म्हणजे नुसत्या फायली साठवणारी. हे रूपांतर आणि मेनू दोन्ही करून देणारं जे सॉफ्टवेअर असतं त्याला ऑथरिंगचं सॉफ्टवेअर म्हणतात, आणि तयार फायली डिस्कवर उतरवणारं नुसतं बर्निंगचं सॉफ्टवेअर वेगळं, हे समजेपर्यंत माझ्या दोन डिस्क गेल्या.

आता सोपं सॉफ्टवेअर कोणतं. शोधायला बसली तर पहिले कळलं की जे खरंच सोपे होते ते आता मिळत नाहीत. विंडोज ७ च्या होम प्रीमियम आणि वरच्या आवृत्त्यांमध्ये विंडोज डीव्हीडी मेकर आधीपासूनच असायचं, विंडोज ८ पासून ते काढून टाकलं. मॅकवाल्यांकडे आयडीव्हीडी होतं, त्याचे मेनू फार सुंदर असायचे, तेही २०११ पासून नव्या मॅकबरोबर येणं बंद झालं. कोणाच्या घरी विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप अजून चालू असेल तर तो विकू नका, या कामाला तो बरा आहे.

माझ्याकडे विंडोज १० चा लॅपटॉप, म्हणून दोन फुकटची सॉफ्टवेअर लावून बघितली, डीव्हीडी फ्लिक आणि डीव्हीडीस्टायलर. डीव्हीडी फ्लिक फक्त विंडोजवर चालतं, २००९ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही पण काम होतं. फाईल आत ओढायची, मेनूचे मोजके साचे आहेत त्यातला एक निवडायचा, बटन दाबायचं, झालं. ज्यांना वाढदिवसाचे चार छोटे व्हिडिओ एका डिस्कवर टाकायचे आहेत आणि मेनू कसाही चालेल त्यांनी दुसरीकडे बघूच नये. पण त्यात चॅप्टर, म्हणजे व्हिडिओत थेट जिथे उडी मारता येते त्या खुणा, ठरावीक मिनिटांनी पडतात, दर दहा मिनिटांनी वगैरे, आणि माझी पंगत काही दहाच्या पाढ्यात येत नव्हती. त्यावर उपाय म्हणजे आधी मोठ्या फाईलचे पाच तुकडे करून घ्यायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा म्हणून टाकायचा, तेही चालतं.

शेवटी मी डीव्हीडीस्टायलर वापरलं. हे विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पहिल्यांदा उघडल्यावर थोडं भरगच्च वाटतं, पण नवीन प्रोजेक्ट केलं की ते मोजकेच प्रश्न विचारतं, डिस्क केवढी, पाल की एनटीएससी (या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती), चौकोनी पडदा की रुंद, आवाज कोणत्या फॉरमॅटमध्ये, असे. आपल्याकडे पाल घ्यायचं, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. जुनी कॅसेट असेल तर ४ बाय ३ घ्या, रुंद घेतलं तर सगळे नातेवाईक आडवे ताणल्यासारखे दिसतात. यात चॅप्टर आपल्याला हव्या त्या मिनिटाला टाकता येतात आणि मेनूवरचं बटन त्याच चॅप्टरला जोडता येतं, मला नेमकं हेच पाहिजे होतं. चॅप्टर एक-दोन सेकंद आधीचा टाकावा, नाहीतर बाबांचं पहिलंच वाक्य अर्धं कापलं जातं, माझं गेलं होतं.

फुकटचं कोणतंही सॉफ्टवेअर टाकताना घाईघाईत नेक्स्ट नेक्स्ट करू नका, मध्ये एखाद्या पानावर दुसऱ्याच कुठल्यातरी सॉफ्टवेअरसमोर टिकमार्क लावलेले असतात ते काढा. आणि ते त्याच्या मूळ साईटवरूनच घ्या.

जागेचा हिशोब समजून घेतला की अर्धी काळजी जाते. साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ती ४.३७ दाखवतो, फसवलं वगैरे काही नाही, मोजायची रीत वेगळी आहे. दोन तासांचा व्हिडिओ असेल तर साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळतात आणि चित्र छान राहतं. तीन तास कोंबले तर साडेतीनच्या आसपास येतं, मग वऱ्हाडी नाचायला लागले की चौकोन चौकोन दिसतात. दोन मार्ग आहेत, एकतर दोन डिस्क करा, नाहीतर ३५२ बाय ५७६ ही साईज घ्या. ती डीव्हीडीच्या नियमात बसते आणि व्हीएचएसमध्ये मुळात तेवढीच बारकाई असते, त्यामुळे काही गमावल्यासारखं होत नाही. मी ती घेतली, आईला एकच डिस्क सांभाळायची सोय झाली.

मेनूवर मात्र मी तीन रात्री बसली, आणि तेवढा वेळ द्यायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आईला कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर कधी दिसणारच नाही, तिला दिसणार तो मेनू. एका सॉफ्टवेअरमध्ये बटनावर मराठी टाईप केलं तर जोडाक्षरं फुटली, मंगलाष्टकंचा ष्ट तुटून पडला. त्याला सोपी युक्ती आहे. चित्र काढायच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये पूर्ण मेनूचं चित्र बनवायचं, फोटो, त्यावर मराठी नावं, सगळं एकाच चित्रात, आणि ते मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावायचं. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या नावांवर फक्त रिकामी बटनं ठेवायची. अक्षर आपलं, फॉन्ट आपला, काही फुटत नाही. मी पार्श्वभूमीला मांडवातला सगळ्यांचा फोटो लावला होता पण त्यावर अक्षरं वाचता येईनात, म्हणून फोटो एका कोपऱ्यात घेतला आणि बाकी सगळा गडद मरून रंग, त्यावर पांढरी मोठी अक्षरं.

जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जातात, म्हणून चारही बाजूंनी दहा टक्के जागा मोकळी सोडायची, माझ्या पहिल्या मेनूत हळदचा ह टीव्हीच्या बाहेर गेला होता. निवडलेलं बटन ज्या रंगाने उजळतं तो थर वेगळा असतो आणि त्यात चारच रंग बसतात, पारदर्शक धरून, म्हणून तिथे नाजूक छटा करायला जाऊ नये, एक जाड पिवळी चौकट पुरते. आधी मी बारीक रेघ दिली होती, आई म्हणाली, "मी कुठं आहे तेच समजत नाही वं." बटनं एकाखाली एक ठेवा, म्हणजे वर-खाली एवढंच करावं लागतं. तिरकी मांडली की रिमोटचा बाण भलतीकडे उडी मारतो. आणि प्रत्येक भाग संपला की परत मेनूवर यायचं हे सेटिंग नक्की बघा, नाहीतर शेवटी पडदा काळा होतो आणि आई समजते प्लेअर बिघडला.

डिस्कवर उतरवायच्या आधी आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल, बनवून ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा, मेनू तिथे जसाच्या तसा चालतो, बाण दाबून सगळी बटनं तपासता येतात आणि डिस्क वाया जात नाही. सगळं बरोबर निघालं की मगच राइट करा. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, बाहेरून यूएसबीने लावायचा रायटर घेतला, आयएसओ उतरवायला इमेजबर्न वापरलं, तेही फुकट आहे. डिस्क डीव्हीडी-आर घेतली, जुने प्लेअर बहुतेक ही नीट वाचतात, आणि स्पीड १६ वरून ८ वर आणला. वर कागदाचं स्टिकर चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो, मार्करने लिहा. आणि नागपूरचा उन्हाळा माहीतच आहे, मे महिन्यात ४५ च्या वर जातं, खिडकीपाशी किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर डिस्क ठेवायची नाही, कपाटात, उभी. मूळ फाईल मी दोन ठिकाणी वेगळी ठेवली आहे, डिस्क घासली तर पुन्हा करता येईल.

रविवारी सकाळी तर्री पोहे घेऊन मानेवाड्याला गेली. डिस्क टाकली, मेनू आला, मी रिमोटला हात लावला नाही. आईने चष्मा घातला, खाली, खाली, खाली, चौथ्यावर थांबली, ओके. जिलब्यांचं ताट घेऊन बाबा आले. तिने तो भाग पूर्ण बघितला, परत मेनूवर आली, पुन्हा तीनदा खाली आणि पुन्हा ओके. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाली, "हे पंगतीचं सगळ्यात वर घेता येते का? डिस्क टाकली का लगेच ओके."

घरी येऊन प्रोजेक्ट उघडलं, मेनूचं चित्र बदललं, पंगत पहिली घेतली, त्याचं बटन सुरुवातीलाच उजळलेलं राहील असं केलं आणि नवीन डिस्क काढली. वर्ध्याच्या आणि अमरावतीच्या आत्यांसाठीच्या दोन डिस्कवर क्रम लग्नाचाच ठेवला, हळद पहिली.