हुबळीचं रेल्वे म्युझियम आणि घाट चढणारा कोळसा

आम्हा लोंढा-खानापूरकडच्या लोकांना कोळशाच्या मालगाडीचं काही कौतुक नाही. गोव्याच्या मुरगाव बंदरात जहाजातून उतरलेला कोळसा घाट चढून लोंढ्याला येतो आणि हुबळी, होसपेट करत तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो. पॅसेंजर थांबली की म्हातारी माणसंही सांगतात, "रेक असंल पुढं." रेक म्हणजे डब्यांची अख्खी मालगाडी.

हुबळीचं रेल्वे म्युझियम बघायला मी मामांना मुद्दाम घेऊन गेलो. मामांची निम्मी नोकरी घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनात सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, म्हणून झालेली. बेळगावहून गाडी लोंढा, अळणावर, धारवाड करत हुबळीला पोचली. जगातला सगळ्यांत लांब म्हणतात तो 1507 मीटरचा फलाट मामांनी एका वाक्यात निकालात काढला: "चालायचं कुणी एवढं?"

म्युझियम 2020 साली सुरू झालं. शंभर वर्षांहून जुनी दोन रेल्वे घरं नीट करून त्यांना मलप्रभा आणि घटप्रभा अशी नावं दिलीत. बाहेरची खेळण्यातली गाडी पोरांसाठी ठीक. आमचा वेळ गेला तो टोकनच्या यंत्रापाशी. दोन स्टेशनांत अशी दोन यंत्रं तारेनं जोडलेली असायची. पलीकडच्या मास्तरानं संमती दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून टोकनचा गोळा सुटत नसे, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नसे. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या यायला नकोत, म्हणून हा बंदोबस्त. ड्रायव्हरच्या हातात गोळा नसेल तर गाडी हलायची नाही. कातडी पिशवीत गोळा घालून ती वेताच्या कडीला अडकवायची आणि धावत्या इंजिनाकडे उंच धरायची. मामांनी तिथंच हात वर करून दाखवलं. पहारेकरी बघत राहिला, पण काही बोलला नाही.

मला खटकलं ते एवढंच की, घाटाची गोष्ट मला हवी होती तेवढी तिथं भेटली नाही. खरं तर सगळ्यांत रंगतदार प्रकरण तेच. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला, मुरगावचं बंदर आणि मीटरगेज रूळ एकाच बेतातले, आणि 1888 पर्यंत गाडी घाट चढून आली. हुबळी-गदगकडचा कापूस गोव्याच्या बंदरात न्यायचा, हा हिशोब. कॅसलरॉक इंग्रजांचं शेवटचं ठाणं. त्याच्या पुढं घाटातच पोर्तुगिजांची हद्द लागायची, आणि घाट उतरला की त्यांचं कुळे. 1955 मध्ये भारतानं गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा ही वाहतूक थांबली, आणि गोवा मुक्त झाल्यावर रूळ पुन्हा जागे झाले. 1990च्या दशकात ब्रॉडगेज आली.

चढ मात्र तोच राहिला: दर 37 मीटरला एक मीटर. माल खाली जाईल म्हणून बांधलेल्या वाटेवर आता भरलेले डबे वर ओढायचे! त्यासाठी कुळ्याला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती मागून रेटतात. उतरताना ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मामा म्हणाले, "पूर्वी कोळसा इंजनात असायचा, आता सगळा डब्यात."

या कोळशापायीच दुपदरीकरणाचा, म्हणजे शेजारी दुसरा रूळ टाकायचा, वाद पेटला. 2020 मध्ये गोव्यात चांदोरला लोक रात्री रुळांवर येऊन बसले. कॅसलरॉक ते कुळे हा पट्टा अभयारण्यातून जातो, म्हणून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या दुसऱ्या रुळाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. मामांचं मत उलट: एकेरी वाटेवर गाड्या तिष्ठत ठेवण्यात काय शहाणपण? मला जंगल जास्त महत्त्वाचं वाटतं. परतीच्या प्रवासात धारवाडचे पेढे संपेपर्यंत आमचं हेच चाललं होतं.

जाणार असाल तर स्टेशनच्या गदग रोडकडच्या दारानं बाहेर पडा. म्युझियम तिथून जवळ आहे. आणि घाट बघायचा असेल तर लोंढ्याहून वास्कोकडे जाणारी दिवसाची गाडी धरा. दूधसागरला रुळांवरून चालत जायला बंदी आहे, तेव्हा तो नाद नको.